दारात थांबलेली पत्रं

भांडायचं कसं याचे नियम स्वतः बसून लिहून काढणारी आणि वर ते पाळणारी माणसं जगात फारशी नसतात. बाईंच्या ओळखीत अशी सत्तरएक होती, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही माणूस त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

ही माणसं मिळून ‘तास’ नावाचं एक सॉफ्टवेअर चालवायची. शाळेचं वेळापत्रक बनवून देणारं. ज्याने कधी वेळापत्रक बनवलेलं नाही त्याला हे काम सोपं वाटतं. विज्ञानाची खोली एक, वर्ग आठ, गणिताच्या शिक्षिकेला पहिला तास नको कारण बाळाला पाळणाघरात सोडायचं असतं, आणि खेळाचे सर म्हणतात जेवण झाल्या झाल्या मी मुलांना पळवणार नाही. हे सगळं ‘तास’मध्ये भरलं की दोन मिनिटांत तक्ता तयार. सॉफ्टवेअर फुकट, आतला कोड कुणालाही वाचायला आणि सुधारायला खुला, आणि चालवणारे सगळे आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हौसेने राबणारे. मुख्य इंजिन एका दातांच्या डॉक्टरने लिहिलं होतं. पेशंटला भूल चढेपर्यंतच्या दहा मिनिटांत तो कोड लिहितो, असं सगळे म्हणायचे. पडद्यावर जे दिसतं ते सगळं एका क्रेनवालीचं. बंदरावरच्या उंच केबिनमध्ये बसून ती जहाजांतले कंटेनर उतरवायची, आणि जहाजाला उशीर झाला की ‘तास’ची बटणं सरळ करत बसायची.

बाई कोड लिहीत नसत. एकतीस वर्षं एका शाळेत त्यांनी पेन्सिल आणि खोडरबराने वेळापत्रकं बनवली होती. निवृत्त झाल्यावर चौदा वर्षांपूर्वी त्या ‘तास’च्या मेलिंग लिस्टवर एक तक्रार करायला आल्या आणि कायमच्या राहिल्या. या लिस्टवर मेल टाकला की तो सगळ्यांना जातो. बाई मेलला पत्र म्हणायच्या, म्हणून हळूहळू सगळेच पत्र म्हणायला लागले, आणि सगळेच त्यांना बाई म्हणायला लागले. नवखा कोणी प्रश्न घेऊन आला की उत्तर बाईच देणार हे ठरलेलं. शिवाय लिस्टच्या मॉडरेटरही त्याच. म्हणजे दारावर बसायचं आणि कोणतं पत्र आत सोडायचं ते बघायचं.

हे दार बसलं ते एका भांडणामुळे. तक्त्यातला आठवडा रविवारपासून सुरू करायचा की सोमवारपासून, एवढाच प्रश्न. डॉक्टर रविवारच्या बाजूचा, क्रेनवाली सोमवारच्या. नऊ दिवसांत चारशे बारा पत्रं पडली. दोन चांगली माणसं कायमची निघून गेली आणि क्रेनवालीने डॉक्टरला, त्याच्या धंद्याला आणि त्याच्या पकडींना उद्देशून जे काही लिहिलं, ते बाईंनी घरी थोरल्या बहिणीलाही कधी वाचून दाखवलं नाही.

त्यानंतर बाईंनी चार नियम लिहिले. बदल सुचवायचा तर प्रस्ताव टाका, तो सात दिवस लिस्टवर राहील. कुणीच हरकत घेतली नाही तर तो मंजूर. हरकत घ्यायची तर मूळ पत्राखालीच घ्यायची, मूळ पत्र तसंच्या तसं ठेवून, म्हणजे कोण कशाबद्दल बोलतंय ते कळेल. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याने त्याऐवजी आपण काय करणार तेही सांगायचं. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, प्रस्तावावर खाजगीत कुजबुज नाही. आणि चौथा नियम म्हणजे चाळणी. मूर्खपणा, अक्कल, लाज, कदापि, डोकं फिरलंय असे वीसएक शब्द त्यांनी चाळणीत घातले. यातला एक जरी पत्रात सापडला तरी पत्र दारात थांबतं आणि लिहिणाऱ्याला आपोआप उत्तर जातं: ‘तुमचं पत्र दारात थांबलं आहे. बाई वाचतील आणि आत सोडतील. तोवर एक ग्लास पाणी प्या.’

पाण्याचा फार उपयोग झाला. दहातले आठ जण पंधरा मिनिटांनी लिहायचे, ‘बाई, ते फाडून टाका.’ बाई फाडायच्या. तेव्हापासून लिस्टवर कोणी कोणाला मूर्ख म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पुष्कळदा म्हटलं होतं, पण ते फक्त बाईंना ठाऊक होतं. कुणाचा पारा कशाने चढतो आणि किती वेळात उतरतो हे त्यांना पाठ होतं, आणि त्यामुळे ही न पाहिलेली माणसं त्यांना जास्तच आपली वाटायची. रागावून मग वरमलेल्या माणसाइतकं गोड कोणी नसतं असं त्यांचं मत होतं.

“भाऊबंद आहेत तुझे,” ताई म्हणायची. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकत्र राहत. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी ताईचं शिवणयंत्र, त्याला लागून बाईंचं टेबल. ताई लोकांचे पडदे शिवायची. “भाऊबंदांसारखेच भांडतात आणि पाणी मात्र तू पाजायचंस.”

यंदाच्या वार्षिक सभेत मात्र एक गोष्ट झाली. सभा म्हणजे सगळे वर्षातून एकदा पडद्यावर चौकोनांत जमतात आणि पुढचं काय, याची काळजी करतात. माणसं कमी होतायत, कामाचा भार वाढतोय, तेच ते. सुरुवातीला वर्षभरात कोणी किती काम केलं त्याची यादी दाखवली. ती यंत्रच बनवतं: कोडमध्ये ज्याने जितके बदल केले तितका त्याचा आकडा. डॉक्टर पहिला, क्रेनवाली दुसरी, खाली आणखी चाळीस नावं, अगदी एक स्वल्पविराम दुरुस्त केलेल्या माणसाचंसुद्धा. बाईंचं नाव नव्हतं. पत्रांची उत्तरं कोडमध्ये मोजली जात नाहीत. टाळ्या झाल्या, बाईंनीही वाजवल्या. मग क्रेनवाली म्हणाली, “ही लिस्ट बंद करून चॅट सुरू केलं तर? पटापट बोलता येईल. दारावर कुणाला बसायला नको, तेवढंच एक काम कमी.”

तिच्या मनात काही नव्हतं. बाईंच्या मनात मात्र ते वाक्य जाऊन बसलं ते उठेचना.

पुढच्या सोमवारी दुपारी बारा वाजता बाईंनी प्रस्ताव टाकला. सहा ओळींचा. लिस्टचं दार काढून टाकावं, नवख्यांच्या प्रश्नांसाठी चॅट असावं, आणि आपल्याला निरोप द्यावा. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘काम नसताना दारात बसून राहायची मला लाज वाटते.’

पाठवलं आणि लगेच उत्तर आलं: तुमचं पत्र दारात थांबलं आहे. चाळणी कोणाला ओळखत नाही, बाईंनाही नाही. बाई कसनुशा हसल्या, आपलं पत्र आपणच आत सोडलं आणि दारात थांबलेल्या पत्रांची वर्दी देणारी सोय बंद करून टाकली. आपल्याच प्रस्तावावर चर्चा चालू असताना आपणच दारावर बसणं बरं दिसत नाही. शाळेत त्या स्वतःच्या भाचीचे पेपरसुद्धा तपासत नसत.

“काय लिहिलंस?” ताईने मशीन थांबवून विचारलं.

“निवृत्ती घेते म्हणून.”

“तू घेतली आहेस एकदा.”

“ती शाळेतून.”

“आणि त्यांनी होऊ दिलं?”

“सात दिवस आहेत,” बाई म्हणाल्या. “कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणतील.”

हे म्हणताना आपल्याला काय हवंय ते बाईंना पक्कं माहीत होतं आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. कुणीतरी नको म्हणावं. एकाने म्हटलं तरी पुरे.

मंगळवारी लिस्टवर हूं नाही की चूं नाही. बुधवारी दुसऱ्याच विषयावर दोन पत्रं आली, छपाईत तक्त्याची उजवी बाजू कापली जाते म्हणून. बाईंनी ती दोनदा वाचली, कुठे आपला उल्लेख आहे का ते बघायला. गुरुवारी त्यांनी कपाट आवरलं. शुक्रवारी परत तेच कपाट आवरलं.

“अगं छोटे, सारखी कशाला उघडून बघतेस?” ताई म्हणाली. छोटी आता बहात्तर वर्षांची होती, पण हा हिशेब ताईने कधी मानला नाही. “एखाद्याला लिहून विचार की.”

“खाजगीत विचारायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

“मीच.”

“मग भोग,” ताई म्हणाली आणि ओठ दातांत धरून सुईत दोरा ओवायला लागली.

शनिवार गेला, रविवार गेला. बाईंना रागही येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, त्यावर त्यांच्याकडे औषध होतं. त्यांना फक्त वाईट वाटत होतं, आणि डॉक्टरनेही काही लिहू नये याचं फार वाईट वाटत होतं. त्याच्या आईच्या आजारपणात सहा महिने तो सगळ्यांवर खेकसत होता, तेव्हा त्याची रोजची पत्रं फाडणाऱ्या त्याच. निदान ‘बरं, बाई’ एवढं तरी.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या स्वतःच्या मेलवर एक अनोळखी पत्र आलं.

‘नमस्कार. मी एका छोट्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. नऊ शिक्षक. चार दिवसांपूर्वी मी तुमच्या लिस्टवर प्रश्न टाकला, त्यात आमच्या संगीताच्या बाईंबद्दल लिहिताना “माझं डोकं फिरलंय” असं लिहून गेले. पत्र दारात थांबलंय असं उत्तर आलं. पाणी प्यायले. तेव्हापासून बरंच पाणी पिऊन झालं आहे. शाळा उद्या सुरू होते. खाजगीत लिहायची पद्धत असते की नसते मला ठाऊक नाही, चुकलं असेल तर माफ करा, पण तुमचा पत्ता त्या उत्तराखाली होता. तक्त्यात आमच्या संगीताच्या बाई बुधवारी एकाच तासाला दोन वर्गांवर दिसतात. त्या एकच आहेत.’

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दार त्यांनी सोडलं होतं, पण दार काही आपोआप उघडं राहत नव्हतं. त्यांच्याशिवाय त्याची किल्ली कुणाकडेच नव्हती. इतक्या वर्षांत कुणी मागितली नव्हती आणि त्यांनीही कधी देऊ केली नव्हती.

त्यांनी मॉडरेटरचं पान उघडलं. दारात अठ्ठावन्न पत्रं उभी होती.

एक मुख्याध्यापिकेचं. सत्तावन्न त्यांच्या प्रस्तावावरची.

“ताई,” बाई म्हणाल्या.

ताई उठून आली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पडद्याकडे बघितलं. “हे सगळे आठवडाभर बाहेर उभे होते?”

“आठवडाभर.”

“आणि तू आत बसून रडत होतीस?”

“मी रडले नाही.”

“कपाट दोनदा आवरलंस,” ताई म्हणाली.

बारा वाजता मुदत संपत होती. बाईंनी आधी मुख्याध्यापिकेला उत्तर लिहिलं. दुसरं कुणी असतं तर सत्तावन्न पत्रांवर तुटून पडलं असतं, पण उद्या शाळा सुरू होणार होती आणि संगीताच्या बाई एकच होत्या. एकाच शिक्षिकेचं नाव दोनदा भरलं गेलं की ‘तास’ त्या दोघी समजतं; शिक्षकांच्या पानावर ‘एकच व्यक्ती’ अशी एक खूण असते, ती केली की दोन्ही नावं जोडली जातात. ती कुठे आहे, कशी करायची, केल्यावर तक्ता पुन्हा कसा काढायचा, सगळं बाईंनी सावकाश, पायरी पायरीने लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘तुमचं काहीही चुकलं नाही.’ साडेदहा वाजले.

मग त्यांनी पहिलं पत्र उघडलं. डॉक्टरचं, गेल्या सोमवारचं, दुपारी बारा वाजून चार मिनिटांचं. ‘बाई, हा शुद्ध मूर्खपणा आहे.’ एवढंच.

दुसरं त्याचंच, संध्याकाळचं. ‘माझं पत्र अडवलंत, बरोबर केलंत, शब्द वाईट होता. पाणी प्यायलो. पुन्हा लिहितो: तुम्ही जाऊ नका.’ यात चाळणीतला एकही शब्द नव्हता. बाईंनी दोनदा वाचलं. तिसरं मंगळवारचं: ‘हेही अडलं. मी कुठला शब्द वापरतोय ते मलाच कळेना. तुम्ही ठीक आहात ना?’ चौथं: ‘आदरणीय बाई, आज हवा छान आहे.’ तेही दारात. मग क्रेनवालीचं, ‘चॅटची कल्पना माझी, आणि माझ्या अकलेचा मलाच पत्ता नाही’, आणि त्याखाली तिचीच आणखी पाच, प्रत्येक आधीच्यापेक्षा मवाळ. शेवटच्या पत्रात नुसता एक पूर्णविराम होता. केबिनमध्ये बसून तिने एक पूर्णविराम पाठवून बघितला होता आणि तोही अडला होता.

बाईंना आधी काही कळेना. मग त्यांनी पूर्णविरामाच्या खाली बघितलं. तिथे नियमाप्रमाणे मूळ पत्र होतं, तसंच्या तसं ठेवलेलं. त्यांचं स्वतःचं. काम नसताना दारात बसून राहायची मला लाज वाटते.

सत्तावन्नच्या सत्तावन्न पत्रांच्या पोटात ती ओळ होती. लोकांनी आपले शब्द धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणले होते, आणि प्रत्येक वेळी दारात अडवत होता तो बाईंचा शब्द. कुणी नियम मोडून खाजगीत विचारलंही नव्हतं. ‘बाईंनी अडवलंय म्हणजे काहीतरी कारण असेल’ असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि तो कोणी परका नव्हता, रविवार-सोमवारच्या भांडणात सोडून गेलेल्या दोघांतला एक होता. तो सगळं वाचत असतो हे बाईंना माहीत नव्हतं.

आता मात्र बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “या वेड्यांना काय म्हणू गं मी,” त्या म्हणाल्या. “पूर्णविराम पाठवलाय हिने.”

“नंतर म्हण. आधी आत घे,” ताई म्हणाली. “साडेअकरा झाले.”

“पण माझ्याच बाजूची पत्रं मीच आत सोडायची, हे बरोबर आहे का?”

ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू बाईंनी पडदा उलटा शिवून आणला होता. “छोटे, दारावरच्या माणसाने दार उघडायचं असतं. बाजू कसली त्यात?”

बाईंनी डोळे पुसले आणि एकेक पत्र वाचून आत सोडायला सुरुवात केली. न वाचता त्यांनी कधी सोडलं नव्हतं, आज तर मुळीच सोडणार नव्हत्या. हरकतीबरोबर आपण काय करणार ते लिहायचा नियमही या लोकांनी पाळला होता. डॉक्टरचा दवाखाना बुधवारी बंद असतो, तो बुधवारी दारावर बसणार होता. ‘फक्त माझीच पत्रं आली तर काय करायचं ते सांगा’ असंही त्याने विचारलं होतं. एकाने शनिवार मागितला होता. आणि क्रेनवालीच्या पाचव्या पत्रात लिहिलं होतं: ‘सभेतली ती यादी बनवणारं यंत्र मी दुरुस्त केलंय. आता ते पत्रांची उत्तरंही मोजतं. चौदा वर्षांचं मोजून बघितलं. तुमची एकोणीस हजार चारशे सहा. डॉक्टरचे सगळे बदल मिळून त्याच्या निम्मेही नाहीत, मी त्याला सांगितलंय. इतके दिवस आम्हाला हे दिसलं नाही, ते मोजणाऱ्या यंत्राचं चुकलं नव्हतं बाई, आमचंच चुकलं. आकडा मी दोनदा मोजला आहे.’

बाई त्या आकड्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग पत्र आत सोडून पुढच्याकडे वळल्या, कारण अजून एकवीस बाकी होती.

बाराला सहा मिनिटं असताना शेवटचं आत गेलं. लिस्टवर एकदम गलका उठला. आत आलेले एकमेकांना विचारत होते की तुझंही अडलं होतं का, आणि तू पण पाणी पीत बसला होतास का. कुणी विचारलं, बाई कुठायत? त्या काही बोलत का नाहीत?

बाईंनी आपल्या प्रस्तावाखाली लिहायला घेतलं. त्यांनी लिहिलं: ‘माझी हरकत आहे. मी जाणार नाही. त्याऐवजी काय करणार तेही सांगते. बुधवारची किल्ली डॉक्टरला देईन, शनिवारची ज्याने मागितली त्याला. उरलेले पाच दिवस मी बसेन. आठवडा रविवारपासून मोजायचा की सोमवारपासून ते आपापसांत ठरवू नका.’ नियमाप्रमाणे मूळ पत्र खाली तसंच ठेवलं आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं. तुमचं पत्र दारात थांबलं आहे. बाई वाचतील आणि आत सोडतील. तोवर एक ग्लास पाणी प्या.

ताईने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ती आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. बाराला तीन मिनिटं होती. बाईंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, सगळं पाणी प्यायल्या, ग्लास टेबलावर ठेवला, आणि दारात एकट्याच उभ्या राहिलेल्या त्या पत्राला पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचून आत घेतलं.